वायफायचं बटण आणि पुसलेलं गाव

दुकान बंद करून दीड वर्ष झालं. तरी आमच्या धुळ्याच्या देवपुरातली माणसं अजून घरी येतात आणि चपला काढायच्या आधी विचारतात, "काका, अपडेट आलंय, मारू का?" मी काही अपडेटचे मुहूर्त काढून देणारा जोशी नाही. पण विचारतात, आणि खोटं कशाला बोलू, विचारलं की बरं वाटतं. मग मीही चष्मा वर सरकवून गंभीरपणे विचारतो, "लॅपटॉप किती जुना? चार्जर लावलाय का?" बायको आतून भांडी आपटते. तिच्या मते मी निवृत्त झालोच नाही, फक्त दुकान घरात आणलं.

मी मूळचा जळगावचा. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती तिथेच एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि लग्नानंतर सासऱ्यांच्या ओळखीनं धुळ्यात गाळा मिळाला म्हणून इथे आलो. धुळ्यानं मला सांभाळलं, पण चिडवणं सोडलं नाही. "केळीवाले" म्हणायचे मला. मीही त्यांना नळाला पाणी कधी येणार ते विचारून गप्प करायचो. टीव्ही डब्याचे होते तोवर माझे हात कथलानं काळे असायचे. टीव्ही भिंतीवर चिकटले, दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या म्हणायची पद्धत आली, आणि मी कॉम्प्युटरकडे वळलो. अजूनही कुठे कथील वितळल्याचा वास आला की पावलं थांबतात. त्या वासात माझं तारुण्य आहे, हे बायकोला सांगितलं तर ती हसते.

पण लोकांच्या लक्षात मी राहिलो तो वायफायवाला म्हणून. एक काळ असा आला की अपडेट आलं की तिसऱ्या दिवशी दुकानात रांग. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, "काल होतं, आज नाही." लॅपटॉप चालू, मोबाईलला नेट मिळतंय, शेजाऱ्याला मिळतंय, फक्त यालाच नाही.

हे का होतं ते सांगतो. लॅपटॉपच्या पोटात वायफायची एक पट्टी असते, काडेपेटीहून लहान. तिची भाषा वेगळी, लॅपटॉपची वेगळी. मध्ये दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. घरात अहिराणीशिवाय काही न बोलणारी आजी असावी, पुण्याकडून आलेली सून असावी आणि दोघींच्या मध्ये नातू असावा, तसा तो. अपडेट येतं, त्या नातवाला घराबाहेर काढतं आणि त्याच्या जागी वरून बदलून आलेला साहेब बसवतं. साहेब शिकलेला असतो, पण आजीचं बोलणं त्याला कळत नाही. आजी गप्प बसते आणि लोक म्हणतात, वायफाय गेलं.

उपाय सोपा, नातवाला परत बोलवायचं. जुना ड्रायव्हर आत कुठेतरी शिल्लक असतो, त्याला पुन्हा कामावर घ्यायचं. नसेल तर तो नेटवरून आणावा लागतो, आणि नेट तर गेलेलं. इथे शिकलेली पोरंसुद्धा डोकं धरून बसायची. मी फोनला केबल लावून फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचो, पाच मिनिटांत दुभाषी हजर. गिऱ्हाइकाला हा चमत्कार वाटायचा, आणि मी तो वाटू द्यायचो.

सगळा दोष अपडेटचाच असायचा असं मात्र नाही. आमच्याकडे एक कापडवाले शेठ होते, घराणं राजस्थानातलं, तीन पिढ्या धुळ्यात. तेही आले, "भाऊ, अपडेटनं मारलं." मी खालची प्लेट उघडली तर वायफायच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर हिरवा गंज, आणि कोपऱ्यात वाळ्याची काडी. वाळा म्हणजे कूलरचा. एप्रिल-मे महिन्यात शेठ लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवायचे. मी विचारलं, "शेठ, हे काय?" ते म्हणाले, "अरे भाई, इसको भी तो गर्मी लगती है." मी शाळेतल्या खोडरबरानं ते दात घासले आणि पट्टी परत बसवली. वायफाय आलं. शेठनी चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप पुन्हा कूलरसमोर.

अशा गोष्टींनी माणूस चढतो. मी चढलो होतो. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, "अपडेट ना? ठेवून जा." आणि साध्या उपायांनी जमलं नाही की फॉरमॅट मारायचा. फॉरमॅट म्हणजे कपाट पूर्ण रिकामं करून, धुऊन पुसून, नव्यानं लावायचं. आमच्या धंद्यातला तो रामबाण. तो मारायच्या आधी गिऱ्हाइकाचं सामान बाजूला काढून ठेवायचं असतं. मी ठरलेल्या तीन-चार जागांवरचं काढायचो. समोर दिसतं ते, फोटो, आणि कागदपत्रांचा कप्पा. शंभरात नव्व्याण्णव लोकांचं सगळं तिथेच असतं.

शंभरावे नाना निघाले.

नाना निवृत्त पोस्टमन. तापीकाठच्या गावात जन्म, तिथेच नोकरी, आणि धरण झालं तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत गाव पाण्याखाली गेलं. लोक उठले. काही नव्या गावठाणात गेले, काही शिरपुरात, काही धुळ्यात, बरेचसे सुरतेला. सगळे त्याला अजून 'जुनं गाव' म्हणतात, म्हणून मीही तेवढंच म्हणतो. नाना मुलाकडे देवपुरात राहायला आले. मुलानं नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना त्यांना दिला आणि नानांनी त्यावर एक काम काढलं. जुन्या गावाचा नकाशा. तोही कसा, तर एक्सेलमध्ये! एका चौकटीत एक घर. चौकटीवर बाण नेला की घरात कोण राहायचं, दारात कोणतं झाड होतं, आड कुठे होता, सगळं वर येणार. भिंग घेऊन तीन वर्षं ते हे करत होते. घाई एवढ्याचसाठी की त्यांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेला होता, डावा जात होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुन्या गावचे सगळे नदीकाठी जमतात, त्या दिवशी हा नकाशा मोठा छापून तिथे उभा करायचा, हा त्यांचा पण. एखाद्या घराची शंका आली की ते सुरतेला मेलनं विचारायचे, तिकडून दुरुस्त्या यायच्या. म्हणून वायफाय हवं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी ते दुकानात आले. लॅपटॉप टपालाच्या जुन्या खाकी पिशवीत.

"भाऊ, अपडेट आलं आणि वायफाय गेलं. यात गावाचा नकाशा आहे, तेवढा सांभाळ."

"काळजी नको नाना. ठेवून जा."

हे मी स्क्रीनकडे बघतच म्हणालो. नकाशा कुठे ठेवलाय, हा एक प्रश्न मी विचारला नाही.

लॅपटॉप चालू केला. स्क्रीनवर स्वच्छ लिहून येत होतं, 'वायरलेस बंद आहे'. मी मनात म्हटलं, हा नव्या साहेबाचा माज. जुना ड्रायव्हर घातला, नाही. नवा आणला, नाही. बॅटरी काढून अर्धा मिनिट बटण दाबून धरलं, नाही. मग सवयीप्रमाणे फोटो काढले, कागदपत्रं काढली, आणि फॉरमॅट मारला. दोन तासांनी सगळं नवंकोरं झालं. स्क्रीनवर पुन्हा तेच, 'वायरलेस बंद आहे'.

आता उघडूनच बघू म्हणून लॅपटॉप उलटा करायला उचलला. त्या जुन्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला, आपल्या पोटाच्या बाजूला, वायफायचं एक सरकतं बटण असायचं. नखाएवढं. ते बंद बाजूला सरकलेलं होतं आणि त्याच्या खाचेत तांदळाचा एक दाणा अडकला होता, कुंकवानं लाल झालेला.

खंडेनवमी! माणसं ज्या वस्तूवर काम करतात तिची त्या दिवशी पूजा करतात. नाना पूर्वी सायकल आणि पिशवी पुजत, आता लॅपटॉप. तो ओल्या फडक्यानं पुसला, पुसताना बटण सरकलं, वर अक्षता वाहिल्या, त्यातला दाणा खाचेत बसला. आणि त्याच आठवड्यात अपडेट आलं. दोष अपडेटवर गेला. मी पिनेनं दाणा काढला, नखानं बटण सरकवलं. निळा दिवा लागला. वायफाय आलं. पाच सेकंदांचं काम.

माझे उस्ताद हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायच्या आधी बटणं बघायला लावायचे, न बघता उघडलं तर बोटांवर पट्टी मारायचे. ते असते तर त्या दिवशी पट्टी मोडली असती.

तरी मला अजून नकाशाचं कळलं नव्हतं. ते कळलं काढून ठेवलेलं सामान परत घालताना. फोटो होते, पेन्शनचे कागद होते. नकाशा नव्हता. नानांना फोन केला. ते म्हणाले, "ते कागदपत्रांचं कपाट कंपनीचं वाटायचं मला. मी माझं वेगळं कपाट केलं होतं, अगदी बाहेर, सी ड्राइव्हमध्ये. जुनं गाव नावाचं."

मी ते कपाट पुसलं होतं, आणि वर नवं सगळं लिहिलंही होतं.

"नाना," मी म्हणालो, "अपडेटनं खाल्लेलं दिसतंय."

ते नुसतं "असं का" म्हणाले आणि फोन ठेवला.

चार दिवस मी खटाटोप केला. पुसलेलं परत आणणारे जेवढे प्रोग्राम ठाऊक होते तेवढे लावले. पुण्याच्या एका माहितगाराला डिस्क पाठवली, त्यानंही हात टेकले. कोणाला शंका नव्हती. अपडेटनं खाल्लं म्हटलं की लोक मान डोलावतात, अपडेटला बोलायला तोंड नसतं. मी तसंच ठेवलं असतं तरी नाना मला धन्यवादच देत राहिले असते. पण मला जेवण जाईना. त्या माणसाचा एक डोळा जात होता आणि त्या डोळ्यानं केलेलं काम मी न विचारता पुसलं होतं.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. नाना खाटेवर बसले होते. मी खाली बसलो.

"नाना, अपडेटनं काही खाल्लं नाही. मी पुसलं. बिघाड काहीच नव्हता. बटण बंद होतं. खाचेत अक्षतेचा दाणा होता."

नाना एरवी माझ्याशी शहरी बोलायचे. त्या दिवशी गावचं बोलणं बाहेर आलं.

"अक्षता?"

"हो. कुंकवाची."

"खंडेनवमीले मीच पुसं व्हतं ते. ओला फडकाघाई. गाव एकदाव धरणनी बुडाडं. आते आपण दोन्हीस्नी."

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला तिच्यासमोर रडलो. नाना म्हणाले, "मना डोया आते काम करतंस नही. मी सांगस. तू लिख."

तेव्हापासून आखाजीपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी दुपारी मी नानांकडे. ते डोळे मिटून सांगायचे, मी चौकटी भरायचो. पण यात एक गंमत होती, आणि तिनं मला घाम फोडला. अमक्याचं घर कुठे होतं, असं विचारलं तर नानांना सांगता यायचं नाही. त्यांच्या डोक्यात गाव टपाल वाटायच्या क्रमानं होतं. चावडीपासून निघायचं. पहिलं पाटलांचं, ओसरीवर चावरं कुत्रं, पत्र दुरून टाकायचं. मग जिभाऊ सुतार, दारात कायम बैलगाडीचं एक चाक. मग एक विधवा माउली, जी रोज विचारायची, पोराचं पत्र आलं का. पोरगा फौजेत. नाना रोज "उद्या" म्हणायचे. मध्येच सुनेनं चहाला विचारलं, फोन वाजला, की वाट तुटायची. "गयं," नाना म्हणायचे, "चल, चावडीपाईन." पुन्हा पाटील, पुन्हा कुत्रं, पुन्हा सुतार.

पहिले काही रविवार मी मनातून चरफडलो. पोटापाण्याचा धंदा सोडून हे काय. मग कधी बदललं ते कळलं नाही. शनिवारी दुकानात काम करता करता माझ्या तोंडात यायला लागलं, जिभाऊनंतर माउली, माउलीनंतर बोळ, बोळात उजव्या हाताला मारुती. मी ज्या गावात पाऊल टाकलं नाही, त्यातली घरं मला गल्लीवार पाठ झाली. माझ्या स्वतःच्या जळगावच्या गल्लीतली पंधरा घरं मला आज ओळीनं सांगता येणार नाहीत. प्रत्येक रविवारचं काम मी तीन ठिकाणी उतरवून ठेवायचो, त्यातलं एक नानांच्या उशाखाली.

होळीच्या आत गाव पूर्ण झालं. सुरतेहून दुरुस्त्या आल्या, त्या नानांनी फोनच्या स्पीकरवर ऐकल्या. तोवर डावा डोळाही गेला होता. उजेड कुठून येतो एवढं कळायचं.

आखाजीला मी त्यांना घेऊन नदीकाठी गेलो. खानदेशात आखाजी म्हणजे सासरच्या लेकींनी माहेरी यायचा सण. या गावच्या लेकींचं माहेर पाण्यात, म्हणून त्या काठावर येतात. पाणी उतरलेलं होतं, मारुतीचा चौथरा आणि चावडीच्या दोन पायऱ्या वर आल्या होत्या. झाडाला झोका बांधला होता. मांडवात नकाशा उभा केला, एका भिंतीएवढा. म्हातारी माणसं बोटं लावून घरं शोधत होती, भांडत होती, हसत होती. नाना खुर्चीवर होते. मी त्यांना नकाशाजवळ नेलं, त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पाटीलना घरले कोनता रंग दिधा?" पिवळा, म्हटलं. ते म्हणाले, "चांगलं कयं."

तेवढ्यात एक म्हाताऱ्या आक्का आल्या, लेकीचा हात धरून, सुरतेहून. नकाशाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"माले वाचता येस नही," त्या म्हणाल्या. "मना बापनं घर माले पानीमा दखाड."

लोक नानांकडे बघायला लागले. नानांनी हात पुढे केला, पण कुठे दाखवणार? त्यांनी मला हाक मारली, "भाऊ, दखाड आक्काले."

मी आक्कांना घेऊन काठाच्या टोकाला गेलो. वडिलांचं नाव विचारलं. दगडू आप्पा. एकदम सांगता येईना, नानांची खोड मला लागलेली. चावडीच्या पायऱ्यांवर नजर ठेवली आणि सुरुवातीपासून निघालो. पाटील. जिभाऊ. माउली. बोळ, मारुती. तिथून मागे वळून विहीर, विहिरीला लागून तीन घरं, तिसरं दगडू आप्पांचं. मी बोट दाखवलं, चौथऱ्याच्या डावीकडे, जिथे पाणी थोडं गढूळ दिसत होतं.

"तिथे, आक्का. दारात दोन शेवगे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "दोन शेवगा व्हतात." त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या पाण्याकडे बघत हात जोडले. त्यांची लेक रडत होती. मी इकडे तिकडे बघत राहिलो.

परत मांडवात आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तू कोना पोऱ्या रे भाऊ? तुनं घर कोठे व्हतं?"

मी सांगणारच होतो की मी लॅपटॉप दुरुस्त करतो आणि माझ्याच हातून हे सगळं एकदा पुसलं गेलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीतून नाना म्हणाले, "आमनी गल्लीना शे तो, आक्का. मना शेजारना."

आक्कांनी पिशवीतून रव्याची एक गोड सांजोरी काढून माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "सारा जनम गया," त्या म्हणाल्या, "आज आखाजीले माहेरना माणूस भेटना."

मी तिथला नाही, हे मला त्यांना सांगवलं नाही.